गेम मोड

हे मी घरी बोललो नाही, ग्रुपवर लिहिलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्यालाही नाही. रोज दुसऱ्यांच्या बातम्या लिहितो; ही मात्र — हिला बातमी तरी कशी म्हणू?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून टीव्हीवरचे फायटिंग गेम स्पर्धेसाठी खेळणारे आम्ही पंधराएक जण. एखाद्या लहान बेटावर राहावं तसे. कल्याणपलीकडे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. रविवारी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर जमायचो. आमच्यात रोशनदादा सगळ्यांत भारी. बदलापूर गावातला, अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनवर. पस्तिशीचा, म्हणून पोरं त्याला काका म्हणायची. "काका, चश्मा लगा के आओ!" मग काका एकेकाला धुऊन काढायचा आणि विचारायचा, "आता कोन चश्मा लावतंय रं?"

तो आधी वार करायचा नाही. समोरच्याचा वार निघताना बघायचा, मग उत्तर द्यायचा. मी अंदाजाने बटणं दाबणारा. त्याच्याशी मी कधीच जिंकलो नव्हतो.

बेंगळुरूच्या स्पर्धेला आमच्यातून एकाने जायचं ठरलं. शेवटचा सामना त्याचा आणि माझा. टीव्ही माझा होता — घरून आणलेला. टीव्हीत गेम मोड नावाची सेटिंग असते. ती बंद केली की चित्र जरासं उशिरा येतं, सहज कळणारही नाही इतकं. अंदाजाने खेळणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही. बघून खेळणारा मात्र दर वेळी मागे पडतो. मी हे घरी करून पाहिलं होतं. त्या दिवशी सगळे चहाला खाली गेले आणि मी ती बंद केली.

चुकून? नाही. मुद्दाम मागे थांबलो होतो.

तो हरला. अगदी साधे वारही त्याला अडवता येईनात. "काका, अब रिटायर हो जाओ!" पोरं ओरडली. तो हसला. नंतर जिन्यात मला गाठून हळूच म्हणाला, "खरं सांग, मी लेट होत होतो काय रं?"

इथे थांबता आलं असतं. सेटिंग चुकली म्हटलं असतं तर सामना पुन्हा झाला असता — कुणी मला एक शब्दही बोललं नसतं. मी म्हणालो, "हो दादा. थोडा."

थोडा. तो शब्द कशासाठी जोडला? खरं वाटावं म्हणून.

बेंगळुरूला मी पहिल्याच फेरीत हरलो. रोशनदादा त्यानंतर माळ्यावर आला नाही. पुढे कळलं, त्याने प्रेस मशीन सोडून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. 'नजर लेट झालीय, हात जाईल एखाद दिवशी,' असं सुपरवायझरला म्हणाला. हे त्याला कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

मागच्या महिन्यात शिवमंदिराजवळ तो दिसला. मुलीचा हात धरून रस्ता ओलांडायला थांबलेला. मी फुलवाल्याच्या टपरीआड झालो — हेही सांगायला हवं. एक रिक्षा गेली, मग टेम्पो. मग रस्ता मोकळा झाला.

"पप्पा, चला ना," मुलगी हात ओढत होती.

"थांब गो. येईल एखादी गाडी अचानक."

दोन्ही बाजूंनी काहीच येत नव्हतं. मला दिसत होतं. तो उभाच होता.