पडद्याआडचा चौधारी घेवडा

माझी मेहुणी बस दुरुस्तीच्या वर्कशॉपात कॅन्टीन चालवायची आणि मी तिथेच बसच्या सीटा शिवायचो. म्हणजे घरी बायको आणि कामावर बायकोची धाकटी बहीण, अशी माझी दोन्हीकडून नाकेबंदी. सकाळी घरात काही वाजलं की मी कामावर पोचायच्या आत फोन पोचलेला असायचा. दुपारी ताटात भाजी कमी पडली की समजायचं, निकाल आपल्या विरुद्ध लागलाय. सगळं वर्कशॉप तिला मावशी म्हणायचं, तिच्याहून वयाने चांगला मोठा असलेला, पत्र्याचे पोचे काढणारा डेंटरसुद्धा. मला ती भावजी म्हणायची, आणि त्या ‘भावजी’च्या सुरावरून मला कळायचं, आज काम आहे की खरडपट्टी.

त्या दिवशी काम होतं. माझ्या शिवणाच्या खोलीत येऊन तिने मशिनवर एक काचेची बाटली ठेवली. तळाशी मूठभरही नसेल एवढं बी.

“ओळखा, भावजी.”

“वाटाणा.”

“डोळे तपासून घ्या. चौधारी घेवडा आहे. आईचा.”

आता हा चौधारी घेवडा सगळ्यांनी पाहिला असेल असं नाही, म्हणून सांगतो. वीतभर हिरवी शेंग, तिला लांबीभर चार धारा आणि प्रत्येक धारेला झालर. मी पडलो शिवणारा माणूस, मला तर वाटतं कुणीतरी सवडीने बसून शेंगेला गोट लावलाय. कोवळी शेंग कच्ची खा, परतून खा. पाला खा, फुलं खा. शेंग जून झाली तर बी नीट उकडून खा, आणि शेवटी जमीन उकरून मुळाशी गाठी धरल्या असतील तर त्याही खा. एवढं सगळं देणारा वेल, पण बाजारात त्याला कुणी विचारत नाही. तोडायला जरा उशीर झाला की शेंग दोरखंड होते, आणि तोडून ठेवली की झालरी काळ्या पडतात. भाजीवाल्याला असले लाड परवडत नाहीत. ज्याच्या दारी वेल, त्यानेच खायचा. दारी वेल लावणारी माणसं कमी झाली, तसा तोही दिसेनासा झाला.

सासूबाईंनी दोघी मुलींना लग्नात बी दिलं होतं. आमच्या वाटणीचं किड्यांनी खाल्लं. माहेरच्या परसातून आता रस्ता गेलाय.

“एवढंच राहिलंय,” मेहुणी म्हणाली. “तेही म्हातारं होत चाललंय. या वर्षी लावलं आणि त्याचं नवं बी धरलं तर आहे. नाहीतर आईचा घेवडा नुसता बोलण्यात उरेल.”

ती राहायची तिसऱ्या मजल्यावर. माती म्हणाल तर चपलांना लागून येईल तेवढीच. तिने वर्कशॉपच्या मागच्या तारेच्या कुंपणाजवळची पट्टी हेरून ठेवली होती. तिथे भंगारात निघालेली एक बस उभी होती आणि बाजूला थोडी मोकळी जमीन. ती फोरमनकडे गेली. फोरमन माणूस वाईट नव्हता, पण ‘हो’ म्हणायला त्याला घसा साफ करावा लागायचा.

“मावशी, हे वर्कशॉप आहे. मला ती पट्टी जुने टायर रचायला हवी.”

“कधी?”

“वर्षाच्या तपासणीआधी.”

“मग तोवर माझी.”

फोरमनने घसा साफ केला. “ठीक. तपासणीच्या दिवशी या वेलाचं काही माझ्या ताटात पडलं, तर वेल राहील. नाही पडलं, तर त्याच दिवशी उपटायचा. कबूल?”

“कबूल.”

बी दगडासारखं कडक. तिने एकेक दाणा डेंटरच्या हातात दिला आणि पॉलिश पेपरवर हलकेच घासून घेतला, म्हणजे आत पाणी शिरावं. डेंटर म्हणाला, “आयुष्यभर पत्रे घासले, दाण्याला पॉलिश पहिल्यांदाच करतोय. रंग कुठला मारू?” रात्रभर भिजवून तिने ते लावले. निम्मे कुजले. बाकीचे उगवले, कुंपणाला बिलगले आणि असे सुटले, की तार दिसेना.

पण फूल येईना.

दिवस लहान व्हायला लागले. सासूबाईंचा घेवडा याच सुमाराला निळा व्हायचा. इथे नुसती पानं, हिरवीगार, तळव्याएवढी. जेवणाच्या सुट्टीत सल्ल्यांना ऊत आला. फिटर म्हणाला, खत जास्त झालं. दुसरा म्हणाला, खत कमी पडलं. तिसरा म्हणाला, “मावशी, याचं इंजिन चालू आहे, पण गियर पडत नाहीये.” फोरमन जाता-येता कुंपणाकडे बघायचा आणि टायर मोजायला माणूस पाठवायचा. मेहुणी ताटं वाढायची, भांडी घासायची आणि सुट्टी झाली की वेलापाशी उभी राहायची, पेशंटपाशी डॉक्टर उभा राहतो तशी.

एका संध्याकाळी तिने मला हाताला धरूनच नेलं. भंगार बसच्या मागे, कुंपणाच्या कोपऱ्यात, वेलाला निळी फुलं आली होती. फक्त तिथेच. हातभर पलीकडे एक कळी नाही.

“माती तीच, पाणी तेच,” ती म्हणाली. “मग इथेच का?”

मी म्हटलं, “बसला घाबरून.”

तेवढ्यात मागच्या फाटकावरचा नवा दिवा लागला. त्या वर्षी भंगाराच्या चोऱ्या झाल्या म्हणून फोरमनने उंच खांबावर मोठा दिवा बसवून घेतला होता. रात्रभर मागचं आवार दुपारसारखं लख्ख. सगळ्या वेलावर उजेड पसरला आणि भंगार बसची सावली बरोब्बर त्या निळ्या कोपऱ्यावर पडली. मेहुणीने एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा सावलीकडे.

“भावजी, याला रात्रच होत नाहीये हो. रात्र मोठी झालेली कळल्याशिवाय हा फुलणार कसा?”

दुसऱ्या दिवशी ती फोरमनसमोर. दिवा बंद करा म्हणाली. फोरमन हसायलाच लागला. “वेलाला काय डोळे आहेत?”

“तुम्हाला डोळ्यांवर दिवा धरला तर झोप लागते का?”

“मी डोक्यावरून पांघरूण घेतो.”

“बरं,” ती म्हणाली आणि निघून आली. वर तो बिचारा म्हणाला होता, “भंगार बसही या आठवड्यात उचलून नेणार आहेत हां.” म्हणजे होती ती सावलीही जाणार.

ती थेट माझ्या खोलीत. “भावजी.” सुरावरून कळलं, आता सुटका नाही. “पांघरूण शिवायचंय.”

सीटांचं फाटकं रेग्झिन माझ्याकडे ढीगभर पडलेलं होतं. लाल, निळं, तपकिरी, सिगारेटची भोकं पडलेलं, कुणीतरी बदामात नावं कोरून ठेवलेलं. मी तुकड्याला तुकडा जोडत गेलो. डेंटरने दोन लोखंडी पाइप उभे करून तार ताणली, मी कड्या लावल्या. पडदा निम्म्याच कुंपणाला पुरला. कोपऱ्याच्या बाजूचा अर्धा वेल पडद्याआड, उरलेला अर्धा दिव्याखाली. बस गेली त्याच संध्याकाळी पडदा लागला.

मग सुरू झाली तिची ड्यूटी. दिवा लागायच्या आधी पडदा ओढायचा, सकाळी आल्याबरोबर सारायचा. सुट्टीच्या दिवशी कॅन्टीन बंद, तरी ही दोन वेळा हजर. वॉचमन म्हणायचा, “मावशी, नाटक कधी सुरू होणार?” एकदा तिला सणसणून ताप भरला. मी म्हटलं, “अगं, एक दिवस राहिला उघडा तर काय बिघडतं? मी ओढतो जाऊन.”

“तुम्ही विसराल.”

“विसरलो तर विसरलो. एकच रात्र.”

“एक टाका सुटला म्हणून सीट उसवत नाही का, भावजी?”

टाक्याचं नाव निघाल्यावर शिवणाऱ्या माणसाला उठावंच लागतं. मी रिक्षा आणली. शाल पांघरून ती आली, पडदा ओढला, कड्या तपासल्या आणि मगच परत फिरली.

पडद्याआड आधी कळ्या धरल्या, मग एका सकाळी पडदा सारला तर आत सगळं निळंच निळं. मग शेंगा. चार झालरींच्या, लोंबत्या. अख्खं वर्कशॉप बघायला आलं. फिटर तोडायला गेला तर त्याच्या हातावर पळी बसली.

“या बियाण्याच्या आहेत. वाळेपर्यंत हात लावायचा नाही.”

आणि इथेच खरी गोची होती. तपासणी आली तोंडावर, शेंगा हिरव्यागार. फोरमनला ताटात दाखवायला शेंगा तोडाव्यात, तर बी नाही. न तोडाव्यात, तर वेल उपटला जाणार, मग बी कुठलं? मी म्हटलं, “चार दे त्याला, बाकीच्या ठेव.” ती म्हणाली, “चारात किती दाणे असतात माहीत आहे? आईने मला दिले त्याहून जास्त.” त्या दुपारी माझ्या ताटात भाजी कमी पडली.

तपासणीच्या दिवशी ती पहाटेच आली. दिव्याखालचा अर्धा वेल, ज्याला बघून सगळे हसत होते, त्याचे कोवळे शेंडे आणि पानं तिने टोपलीभर खुडली. पडद्याआडची, मागाहून आलेली मूठभर फुलंही घेतली. दुपारी फोरमन आणि तपासणीचे साहेब जेवायला बसले. ताटात भात, डाळ, लसणावर परतलेला पाला आणि वर तेलात तळलेली फुलं. साहेबांनी पाला दोनदा मागून घेतला.

फोरमन म्हणाला, “शेंग कुठाय?”

“तुम्ही म्हणालात, वेलाचं काही. शेंग म्हणाला नव्हतात.”

फोरमनने घसा साफ केला. साहेब म्हणाले, “कसला वेल? बघू तरी.” मागे जाऊन त्यांनी तो रंगीबेरंगी पडदा बघितला, बदाम कोरलेला तुकडा वाचला आणि हसू आवरत फोरमनला विचारलं, “हे वर्कशॉपचंच का?” फोरमन छाती काढून म्हणाला, “आमचंच आहे, साहेब.” टायर मग दुसरीकडे रचले गेले.

शेंगा वाळल्या, तपकिरी झाल्या, वाऱ्यावर खुळखुळायला लागल्या. मेहुणीने कॅन्टीनच्या बाकावर बसून त्या सोलल्या. आधी बाटली गळ्यापर्यंत भरली, मग उरलेलं बी वाटायला घेतलं. “खायचं नाही, लावायचं. आणि दिव्यापासून लांब.” बायकोसाठी माझ्या हातावर पुडी ठेवताना म्हणाली, “ताईला सांगा, किड्यांना जेवायला बोलावू नकोस.”

सगळ्यांच्या शेवटी फोरमन रुमाल पसरून उभा. “मला?”

“तुमच्या दारात दिवा आहे?”

“आहे,” तो म्हणाला. “पण त्याचं बटण माझ्या हातात आहे.”

तिने त्याच्या रुमालात सगळ्यांपेक्षा चार दाणे जास्तच टाकले. मग बाटलीला घट्ट झाकण लावलं, पदर खोचला आणि उठली. बाहेर उजेड उतरत आला होता.

“आता कुठे?” मी विचारलं.

“पडदा ओढायला.”

“अगं, शेंगा तर उतरवल्यास सगळ्या!”

“कडेला अजून दोन कळ्या आहेत, भावजी,” ती म्हणाली आणि दिवा लागायच्या आत पोचायचं म्हणून भराभर चालायला लागली.