हिरामणची पिशवी

हरसूलचा हिरामण नाशकातल्या जहागीरदारांच्या बागेत तीस वर्षं माळी होता. रोज संध्याकाळी घरी जाताना फाटकाशी त्याची झडती व्हायची. डबा उघडायचा, पिशवी उलटी करायची, डोक्यावरचं फडकंसुद्धा झटकून दाखवायचं. तीस वर्षांत त्यातून एक चिंचही निघाली नाही.

यंदा त्या बागेचं सार्वजनिक उद्यान झालं. हिरामण कामाला तिथंच राहिला, पण येणाऱ्या प्रत्येकाचा त्याला संशय. चाफ्याखाली कोणी जरा रेंगाळलं, की हा खुरपं टाकून मागे हजर. आज तर एका म्हाताऱ्याचा फुगलेला खिसा त्यानं भर बागेत रिकामा करायला लावला. निघाली चष्म्याची डबी!

"आज नाय नेलं, उद्या न्याल!" असं वर सुनावून तो तणतणत निघून गेला.

संध्याकाळी फाटकावर हर्षाली नावाची नवी रखवालदार होती. हिरामण तिच्यापुढे थांबला, डबा उघडला, फडकं झटकलं आणि पिशवीचं तोंड पसरून उभा राहिला.

"काका, मला नाही बघायची तुमची पिशवी," ती हसली. "बाग आता आपलीच आहे की. जा बिनधास्त."

हिरामणनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एवढं गोड बोलते म्हणजे नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

"ते मला नको सांगू," तो खेकसला. "आधी हात घालून बघ."

तिनं निमूटपणे हात घातला.

"काय नाय ना?" त्यानं विचारलं, आणि स्वतःही एकदा आत डोकावून बघितलं.