ओळीवर ओळ

रोज सकाळी साडेनऊला, चहा येण्याआधी, गोपिकाताई गजभिये दोन कागद घेऊन पूर्वेच्या खिडकीशी जात. एक कागद कंपनीच्या कॉम्प्युटरवरून छापलेला, दुसरा त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवरून. दोन्ही एकावर एक ठेवून त्या काचेला टेकवत. कळमेश्वरच्या एमआयडीसीत झाडं कमी, त्यामुळे ऊन आडकाठीशिवाय थेट काचेवर येई आणि दोन कागदांचा एक होई. चष्मा कपाळावर चढवून त्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नजर उतरवत. अक्षरामागे अक्षर लपलं की म्हणत, "बसलं." मग दोन्ही कागदांना एकच टाचणी. मग चहा.

नव्या माणसाला हा देवपूजेसारखा काही नेम वाटे. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मेघाला मात्र त्या नेमाचा पहिला दिवस आठवत होता.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. प्रत्येक मशीनजवळ खिळ्याला एक प्लॅस्टिकचं पाकीट टांगलेलं, आणि त्यात मशीन कसं चालवायचं ते सांगणारा कागद. एकच पान, कारण पाकिटात तेवढंच मावतं. हे कागद लिहायचं काम गोपिकाताईंचं. त्या कंत्राटावर होत्या आणि कंत्राटी माणसानं लॅपटॉप स्वतःचा आणायचा असतो. त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं, कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था, फुकटची, खुली, कोणालाही उघडून पाहता येईल अशी. मुख्य कचेरीचा हुकूम मात्र असा की कागद कंपनीनं विकत घेतलेल्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्येच हवेत, ठरवून दिलेल्या साच्यात, ठरवून दिलेल्या फाँटच्या अक्षरांत. ते सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नसे. गोपिकाताई आपल्या खुल्या प्रोग्रामात कागद लिहीत आणि कंपनीच्या पद्धतीनं साठवून पाठवत. दोन वर्षं कोणाला फरक कळला नव्हता.

त्यांची लिहायची एक रीत होती. सक्करदऱ्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पंधरा वर्षं शिकवताना मुरलेली. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्या सगळ्यात शेवटी ठेवत, ठळक अक्षरात. मेघानं एकदा विचारलं होतं, काहून?

"माणूस वाचून वळते ना, तवा शेवटची ओळच त्याच्यासंगं चालते," त्या म्हणाल्या होत्या. "बाकीच्या भिंतीवरच राह्यतात."

जानेवारीतल्या एका मंगळवारी पंचिंगचे मुकादम चंपतराव तरातरा आत आले आणि त्यांनी गोपिकाताईंच्या टेबलावर एक हातमोजा ठेवला. पंचिंग मशीन म्हणजे पुठ्ठ्यावर पात्यांची चौकट दाबून खोक्याचा आकार कापणारं धूड. हातमोजा पापडासारखा चपटा झाला होता, आणि त्याच्यावर खोक्याच्या घड्या सरळ, स्वच्छ उमटल्या होत्या. दोन बोटं कापून वेगळी पडली होती.

मेघा उभीच राहिली. "हात?"

"हात आहे. मनगट धरून ओढलं म्या, मोजा आत राह्यला." चंपतराव धापा टाकत होते. "खाप्याचा तो भैय्याजी पराते. पुठ्ठा अडकला, तं यानं चालू मशीनमंदी हात घातला. मी त्याले इतक्या शिव्या दिल्या का विचारू नका. तं तो म्हणते, साहेब, कागदावर लिवलं तेच केलं. मी जाऊन पाह्यलं. ताई, तुमची ती शेवटची ओळ कुठी गेली?"

भैय्याजी पन्नाशीचे विणकर. हातमाग बंद पडल्यावर या कामाला लागलेले. मशीन नवं म्हणून रोज पाळी सुरू होताना ते आधी कागद वाचत, पोथी वाचावी तसा, ओठ हलवत. कागद संपत होता "अडकलेला पुठ्ठा काढावा" इथं. त्याखालची ओळ होती, "हात घालण्याआधी मेन स्विच बंद." ती कागदावर नव्हती.

गोपिकाताई उठल्या. मशीनपाशी गेल्या, पाकिटातला कागद वाचला, परत आल्या, लॅपटॉप उघडला. ओळ तिथं होती, ठळक, पानाच्या तळाशी. मग कंपनीच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली. तिथं पान भरलं होतं आणि ओळ दुसऱ्या पानावर गेली होती, एकटी. कंपनीची ती अक्षरं त्यांच्या लॅपटॉपवर नव्हती. लॅपटॉपनं गुपचूप तशीच दिसणारी, पण किंचित अरुंद अक्षरं लावून घेतली होती. स्टोअरमध्ये छपाई झाली तेव्हा दोन पानं निघाली. पाकिटात एक गेलं. दुसरं पालथं पडलं होतं, ते कोरंच आहे असं समजून कोणीतरी डब्याखाली अंथरलं. संध्याकाळी ते मेघाला सापडलं, वरणाच्या गोल डागासकट.

दुपारी पुण्याहून मुख्य कचेरीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या उन्मेषचा फोन आला. फोन टेबलावर ठेवलेला, त्यामुळे मेघालाही ऐकू येत होतं.

"मॅडम, तुम्हाला दोष देत नाही, पण हे कधीतरी होणारच होतं. लॅपटॉप पाठवून द्या. मी सगळं पुसून कंपनीची सिस्टीम टाकतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"आणि नाही पाठवला तं?"

"मग कंत्राट पुढे चालू ठेवता येणार नाही. प्लीज, अडचण समजून घ्या."

"सोमवारी सांगतो," त्या म्हणाल्या. चिडल्या की त्या स्वतःविषयी पुरुषासारखं बोलत, हे मेघाला ठाऊक होतं.

कंपनीच्या गाडीत दोघी नेहमी शेजारी बसत. त्या दिवशी मेघाला राहवलं नाही. "ताई, कायले हट्ट करून राहिल्या? एक मशीन तं आहे. द्या ना पुसून. आज त्या माणसाचा हात गेला असता."

"माहीत आहे मले."

मग त्यांनी वडिलांचं सांगायला घेतलं. छप्पन साली त्यांचे वडील दहा वर्षांचे होते. आपल्या बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी दीक्षाभूमीवरची गर्दी पाहिली होती. म्हातारपणी ते सगळं त्यांनी लेकीला सांगितलं, आणि तिनं इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर ते उतरवून घेतलं, एकशे चाळीस पानं. तेव्हा मराठी लिहायला विकतचा प्रोग्राम लागे. तो चालायला कॉम्प्युटरच्या पाठीमागं डाँगल नावाचं एक छोटं कुलूप खोचावं लागे. वडील गेले. पुढं ते कुलूप बिघडलं, आणि बनवणाऱ्यांनी दुकान गुंडाळलं होतं. फाइल उघडली की नुसती रेघोट्यांची खिचडी दिसे.

"माझ्याच बापाचं बोलणं, मीच टाइप केलेलं, अन् वाचाले दुसऱ्याची परवानगी," गोपिकाताई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "बाबा सांगे, पाणी विचारून प्यायचे दिवस आम्ही पाह्यले. मले ते तवा समजलं वं. छापलेली नव्वद पानं सापडली, ती लिनक्सवर पुन्हा उतरवली. पन्नास गेली ती गेलीच."

मेघानं हात मांडीवरून उचलून त्यांच्या हातावर ठेवला आणि परत घेतला.

"पण भैय्याजीचा हात बाबाच्या पानांहून मोठा आहे," त्या म्हणाल्या. "चूक त्या अक्षरांची नाही. माझी आहे. मी माझ्याच पडद्यावर पाह्यलं, त्याच्या पाकिटात नाही पाह्यलं."

त्यांनी मधला रस्ता काढला. लिनक्सच्या आतच एक बंद चौकट करता येते, कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. त्या चौकटीत कंपनीची सगळी व्यवस्था, कंपनीच्या परवान्याची किल्ली, कंपनीची अक्षरं. बाहेर त्यांचं आपलं तसंच. सोमवारी त्यांनी उन्मेषला समजावलं. तो कुरकुरला, मग एक महिना द्यायला तयार झाला. या महिन्यात एका कागदाची एक ओळ जरी हलली, तरी लॅपटॉप पुसायचा.

फोन ठेवून त्या मेघाला म्हणाल्या, "पाहुण्याले खोली दिली. घर नाही त्याच्या नावानं केलं."

"ते ठीक आहे ताई," मेघा म्हणाली, "पण ओळ तं शेवटीच राह्यणार ना? उद्या छापणाऱ्यानं घोळ केला, कागद फाटला, तरी शेवटचंच जाईन."

गोपिकाताईंनी तिच्याकडे पाहिलं. असं पाहणं मेघानं आधी अनुभवलं नव्हतं. रागही नव्हता त्यात. संध्याकाळी सक्करदऱ्याला गाडीतून उतरताना पायरीवर थांबून एवढंच म्हणाल्या, "पंधरा वर्षं शिकवलं वं मी लोकायले, शेवटी लिहा म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद बदलायला घेतले. बेचाळीस मशीनं, बेचाळीस कागद. प्रत्येकावर शेवटची ओळ उचलून सगळ्यात वर नेली. नऊ दिवस लागले. पंचिंगचा कागद त्या स्वतः लावायला गेल्या आणि भैय्याजींसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, माझी चूक होती. आता वाचून सांगा, पहिलं काय करायचं?"

भैय्याजींनी हात पाठीमागं बांधले आणि शाळेतल्यासारखं वाचलं, "मेन स्विच बंद."

"अन् याले शिव्या कोणी द्यायच्या नाहीत," त्या चंपतरावांना म्हणाल्या. "वाचणारा माणूस आहे तो. असे किती आहेत तुमच्याजवळ?"

"म्या दिल्या त्या वापस घेतो, बस?" चंपतराव म्हणाले. "पण सगळ्या नाही. एखाददुसरी ठेवून घेतो, पुढं लागन."

भैय्याजी हसले. गोपिकाताई हसल्या नाहीत, पण परत येताना त्यांची चाल मोकळी होती.

खिडकीचा नेम तेव्हापासूनचा. महिना संपला, एकही ओळ हलली नाही. लॅपटॉप राहिला, कंत्राट राहिलं, नेमही राहिला. पुढं एकदा मुख्य कचेरीनं साचा बदलला तेव्हा कचेरीच्याच दोन कॉम्प्युटरांवर दोन तऱ्हेची पानं निघाली. ते कळमेश्वरच्या काचेवर सापडलं. उन्मेषनं त्याबद्दल एका ओळीचं आभाराचं पत्र पाठवलं. गोपिकाताईंनी ते वाचलं आणि चपट्या हातमोज्याच्या शेजारी ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तीन वर्षं झाली.

डिसेंबरातल्या एका सोमवारी गोपिकाताई गाडीत चढल्या नाहीत. रविवारी पहाटे झोपेतच गेल्या होत्या. लॅपटॉप त्यांच्या घरी होता. नव्या मशीनच्या कागदाच्या दोन्ही प्रती मात्र शुक्रवारपासून ड्रॉवरमध्ये होत्या, अजून टाचणी न लावलेल्या. साडेनऊ वाजले. मेघा उठली, दोन्ही कागद एकावर एक ठेवले, काचेला टेकवले. वरचा कागद जरा सरकला होता, म्हणून आधी अक्षरं हलल्यासारखी वाटली. कागदांचे कोपरे जुळवून तिनं पुन्हा पाहिलं, सगळ्यात वरच्या ओळीपासून खाली. अक्षरामागे अक्षर होतं. "बसलं" म्हणायला तिला जमलं नाही. तिनं टाचणी लावली.

शुक्रवारी संध्याकाळी तिनंच विचारलं होतं, आत्ताच पाहून टाकू का, ट्यूब आहे ना. गोपिकाताई तोवर डबा पिशवीत ठेवून शाल गुंडाळत होत्या.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या होत्या, "ट्यूबच्या उजेडात सगळंच बरोबर दिसते. सोमवारी उन्हात पाहू. चाल लवकर, गाडी सुटते."