गच्चीवरचा ड्रम

"ए वरची, मेलीस का? पाणी सोड."

संचालक साहेब बाथरूमच्या झरोक्यातून ओरडले. डोक्याला साबण लावून ते शॉवरखाली उभे होते. मी त्यांच्या वर, गच्चीत. हातात बादली. मी ती ड्रममध्ये ओतली. खाली शॉवर पुन्हा सुरू झाला. "हां," ते म्हणाले. त्यांना मी दिसत नव्हते. धार बारीक झाली की तेवढी माझी आठवण यायची.

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं ते गेस्ट हाऊस. नाव सांगत नाही, सांगून काय फरक पडतो. मी तिथं अप्रेंटिस होते. आयटीआय करून इमारतींच्या देखभालीच्या खात्यात लागले होते. नळ, मोटर, वायरिंग, गळती, सगळं शिकायचं. मग परीक्षा, मग सर्टिफिकेट. आष्टीकडच्या आमच्या घरात सगळ्यांनी ऊस तोडला. कोयत्याऐवजी हातात पाना येणार होता तो माझ्याच. निदान मला तसं वाटलं होतं.

दुष्काळाचं साल. बोअर आटलेली. टँकर यायचा, गेस्ट हाऊसच्या हौदात पाणी सोडून जायचा. हौदातलं पाणी वर चढवणारी मोटर जळाली होती. वाइंडिंगला तालुक्याला गेली ती येईना. साहेबांना बादलीनं आंघोळ चालत नव्हती. मग आमच्या सुपरवायझरनं शक्कल लढवली. बाथरूमच्या बरोबर वर, गच्चीत, एक ड्रम ठेवला. ड्रमच्या बुडाशी पाईप काढून शॉवरच्या लाईनला जोडला. आता ड्रम भरायला कुणीतरी हवं. माझ्याबरोबर दोन पोरंही अप्रेंटिस होती. सुपरवायझरनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"पाण्याचं काम बायांचंच. चल गं, अर्धा कोयता."

हे तिथं माझं नाव. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा. हजेरीत माझं खरं नाव होतं, पण हाक हीच. पोरं हसायची. मला राग यायला हवा होता. येत नव्हता. हाक आली की मी उठायचे.

हौदातून बादली भरायची, जिना चढायचा, ओतायची, उतरायचं. साहेब आले की हेच. पोरं खाली बोर्ड उघडून वायरी ओळखायला शिकत होती. जिन्यातून जाताना सुपरवायझरचा आवाज कानावर पडायचा, "ही फेज, ही न्यूट्रल." अर्धंमुर्धं ऐकू यायचं, तोवर मी वर पोचलेली असायचे. हात सुजायचे. मग सुजणंही कळेनासं झालं. सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं काम, असं शाळेत शिकवलं होतं. जिन्यात मी एकटीच होते.

त्या वर्षी आई-बाबांनी लांबची तोड घेतली नव्हती, याच कारखान्याची घेतली होती. त्यांची कोपी कारखान्याच्या कुंपणाबाहेर, मीही तिथंच राहायचे. पाचटाची झोपडी, आत वाकून जायचं. गच्चीवरून ती दिसायची. टँकर तिकडं जात नव्हता. तिथल्या बाया लांबच्या विहिरीवरून पाणी आणायच्या.

तर साहेब त्या दिवशी साबण लावून ओरडले आणि मी बादली ओतली, तेव्हा खाली रस्त्यावरून आई चालली होती. डोक्यावर हंडा. तिनं मान न हलवता नुसते डोळे वर केले. अंगात खात्याचा निळा ड्रेस, हातात बादली, अशी मी तिला दिसले. तिनं हाक मारली नाही. मीही मारली नाही. खाली साहेब गाणं गुणगुणत होते.

संध्याकाळी भाकरी थापताना ती म्हणाली, "हेच करायचं तर घरी बी केलं असतंस. एवढी शिकलीस कशाला मग?"

भाकरी खाल्ली, चव कळली नाही. सुपरवायझरच्या हाकेनं जे झालं नव्हतं ते आईच्या या बोलण्यानं झालं. मला माझीच शिसारी आली.

काही दिवसांनी मोटर आली. हौदाजवळ उतरवली. पोरं पाने घेऊन बसली. मीही जाऊन बसले. तेवढ्यात साहेबांची गाडी आत शिरली.

सुपरवायझर म्हणाला, "ऊठ. वर जा."

"मोटर बसवायची हाय. मी हितंच थांबते."

"तुला काय करायचंय मोटरचं?"

"शिकायचंय."

"आन वर पाणी कोण टाकणार?"

"मी न्हाई."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग माझ्याकडं नीट बघून हळू आवाजात म्हणाला, "शेरा मारीन. सर्टिफिकेट मिळायचं न्हाई."

"मारा."

धाडस वगैरे काही वाटत नव्हतं. आत काहीच वाटत नव्हतं. फक्त उठायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

थोड्या वेळानं झरोक्यातून आवाज आला, "पाणी!" कुणी हललं नाही. पुन्हा आवाज आला. मग दोघांतलं एक पोरगं उठलं, बादली घेतली आणि खाली मान घालून जिना चढू लागलं. त्याला कुणी बाईचं काम म्हणालं नाही. साहेबांची आंघोळ झाली. त्यांची आंघोळ कधी राहत नाही.

वर गेलेल्या पोराचा पाना मोटरजवळ पडला होता. तो मी उचलला. नट चुकीच्या बाजूला फिरवला, मग बरोबर बाजूला. सुपरवायझरनं शिकवलं नाही, पण हाकललंही नाही. मोटर सुरू झाली तेव्हा बरं वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

माझ्या कागदावर त्याच दिवशी शेरा पडला. उद्धट.

रात्री आईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती.

"उद्या मोटर जळाली आन पुन्यांदा बादली दिली तर?"

"घेणार न्हाई."

"आन काढून टाकलं तर? मंग कोयताच हाय."

"कोयता घेईन. सायबाच्या आंघोळीची बादली न्हाई."

आईनं चुलीत लाकूड सारलं. मी रागाच्या भरात बोलत नव्हते. सकाळी कामावर गेले आणि जिन्याकडं न बघता सरळ हौदापाशी, मोटरजवळ जाऊन बसले.