पदकाच्या कडेवरचं नाव

माझ्या लग्नात नवरदेवाच्या हातात भाजी चिरायची सुरी होती. आमच्याकडे हळद लागल्यापासून नवरदेवाने कट्यार बाळगायची आणि तिच्या टोकाला लिंबू टोचायचं, अशी रीत. ज्या घरात मी सून म्हणून जात होते, त्या घराच्या भिंतीवर कट्यारींची रांग होती. तरीही ऐनवेळी आचाऱ्याकडून सुरी मागून आणावी लागली, कारण माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, अख्ख्या भावकीसमोर हात जोडून सांगितलं, "लिंबाचा रस पोलादाला लागला की डाग पडतो. मग सात पिढ्या घासत बसलात तरी जात नाही. आणि लग्न काय, सुरीनंही लागतं." आमच्यात जरा खटका उडाला की माझी आई अजून म्हणते, कांदा चिरलेल्या सुरीवर लागलेलं लग्न, दुसरं काय होणार.

अण्णा नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तरुणपणी सैन्यभरतीला गेले होते, छाती भरली नाही म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून त्यांनी जुन्या लढायांची हत्यारं जमवायला सुरुवात केली असावी, असा माझा अंदाज. गल्लीतले लोक त्यांना सुभेदार म्हणत आणि ते ओ देत. सिडकोतलं आमचं घर ते केवढं! त्यात हॉलमध्ये तलवारी, आतल्या खोलीत कट्यारी आणि खंजीर, कपाटाच्या ज्या खणात माझ्या साड्या असायला हव्यात तिथे मखमलीत गुंडाळलेली पदकं. भिंतीवर घड्याळ लावायला मला जागा मिळाली ती स्वयंपाकघरात, फ्रीजच्या वर.

हत्यारांना कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. एका दिवाळीला सासूबाईंनी, बिचाऱ्या हौसेने, एका तलवारीची पितळी मूठ चिंच आणि मीठ लावून घासली. मूठ देवाच्या घंटीसारखी लखलखली. अण्णा आले, त्यांनी बघितलं आणि मटकन खाली बसले. "अगं, शंभर वर्षं लागली होती तिला तसं काळं व्हायला," एवढंच म्हणाले आणि दोन दिवस फराळाला शिवले नाहीत. सासूबाई पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "माझे केस पांढरे झाले त्याचं नाही काही वाटत ह्या माणसाला."

दसरा म्हणजे तर आमच्या घरी वर्षाची कटकट. शस्त्रपूजेला नातेवाईक आणि सोसायटीतले लोक येणार, मूठभर हळदकुंकू पात्यावर टाकणार, वर झेंडूचं पाणी शिंपडणार. अण्णा दारात फडकं घेऊन उभे. "लांबून नमस्कार करा, लांबून. देव लांबून पण पावतो." एकदा शेजाऱ्यांपैकी कुणीतरी तक्रार केली की यांच्याकडे हत्यारांचा साठा आहे. चौकशीला हवालदार आले. अण्णांनी त्यांना बसवून तासभर एकेका तलवारीचा इतिहास ऐकवला. मी तीनदा चहा केला. जाताना हवालदार हळूच म्हणाले, "काका, मेहुण्याचं लग्न हाय पुढल्या महिन्यात. एखादी कट्यार मिळंल का लिंबू टोचायला?" अण्णांनी दार लावून घेतलं.

मी शाळेत गणित शिकवते. घरात कुठली वस्तू कुठे आहे, ती कुठून आली, हे कागदावर नसलं की मला अस्वस्थ होतं. मी किती वेळा म्हटलं, अण्णा, तुम्ही नुसतं सांगत जा, मी यादी करते, फोटो काढते. ते म्हणायचे, "यादी माणूस गेल्यावर करतात. मी आहे अजून." सगळं त्यांच्या डोक्यात आणि डोकं त्यांच्या टोपीखाली. या एका गोष्टीवरून मी जितकी चिडले असेन तितकी नवऱ्यावरही चिडले नाही.

पदकांचा मात्र त्यांचा न्याय वेगळा होता. लोक घरातली मोडकी चांदी सराफ बाजारात देतात, त्यात कधीकधी पहिल्या महायुद्धातलं एखादं पदक येतं. आटवण्याआधी सराफ अण्णांना निरोप धाडायचा आणि हे हातातलं जेवण टाकून पळायचे. त्या पदकांच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. "तलवार कुणाचीही असते, ज्याच्या हातात तो तिचा धनी," अण्णा म्हणायचे. "पदक ज्याचं नाव आहे त्याचंच. ते आपण ठेवून घेतलं तर चोरी." लिंबाला कट्यार न देणारा हा माणूस पदकाच्या मालकाच्या वारसांना शोधत गावोगाव फिरायचा. कुठे वारस सापडायचे नाहीत, कुठे सापडायचे आणि विचारायचे, "याचं किती येईल?"

त्यात एक पदक होतं राघू कदम नावाच्या शिपायाचं. तो इराकात बसऱ्याकडच्या लढाईत गेला, परत आला नाही, एवढंच अण्णांना कळलेलं. गाव कुठलं, पत्ता नाही. जिथे कदमांची चार घरं असतील तिथे अण्णा रविवारी स्कूटर घेऊन जायचे. नांदगावच्या बाजूला एका गावात मारुतीच्या पारावर त्यांना संगमरवरी फरशी दिसली. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले आणि इतके कामी आले, असा मजकूर, खाली एकही नाव नाही. अण्णा तापले. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना म्हणाले, "माणसं होती का मेंढरं, नुसती मोजायला?" त्यावर त्यातला एक जण शांतपणे म्हणाला, "नावं आमाला ठावं हायत की. कदमांच्या घरी राघूचा वीर हाय."

वीर म्हणजे काय ते नाशिककडच्या माणसाला सांगावं लागत नाही. घरातला जो कुणी लढाईत गेला, त्याला देवघरात देवांबरोबर बसवतात आणि धुळवडीच्या दिवशी वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेऊन आंघोळ घालतात. ज्यांची ऐपत असते ते त्याचा चांदीचा टाक करून घेतात. कदमांकडे चांदी नव्हती. राघूच्या नावाने एक सुपारी पूजली जात होती, चार पिढ्या. राघूचा पणतू भाऊराव आणि त्याची आई द्वारकाबाई, दोघांनी अण्णांना घरात नेऊन ती सुपारी दाखवली. अण्णा घरी आले ते नाचायचेच बाकी होते. "त्याला विसरले नाहीत गं," असं मला जेवताना चार वेळा सांगितलं.

पदक परत दिलं त्या दसऱ्याला आम्ही सगळे गेलो होतो. गावाने शाल, नारळ, फेटा असा अण्णांचा सत्कार केला. द्वारकाबाईंनी पदक कपाळाला लावलं आणि हमसून रडल्या. अण्णांनी नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं क्रमाने, हजेरी घेतल्यासारखं मोठ्याने म्हणून दाखवलं. मी फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की या माणसाच्या वेडाने कुणाचं तरी भलं झालं.

होळीच्या आधी कदमांकडून जेवायचं बोलावणं आलं. पुरणाचा घाट होता. द्वारकाबाईंनी पानं वाढायच्या आधी देवघरातून एक टाक आणून अण्णांच्या हातावर ठेवला. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर.

"डोळं भरून बघा अण्णा. आमचा राघूबाबा देवात बसला."

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून टाक जवळ धरला. "छान आहे. आणि पदक कुठं ठेवलंत?"

"ह्योच की! त्याचंच तर केलं. सोनाराम्होरं बसून आटवून घेतलं, दुसरी गुंजभर चांदी मिसळू दिली नाय. इतकी वर्सं सुपारीवर भागवलं वो त्याचं. आता त्याचीच चांदी त्याला घातली."

अण्णांनी टाक खाली ठेवला. "बाई, त्याच्यावर नाव होतं."

"इंग्रजीत हुतं ते. आमच्यात कुणाला वाचता येतंय? आन वर त्या गोऱ्या राजाचं मुंडकं. त्याची पूजा करायची का आमी?"

"ती अक्षरं गेली म्हणजे तो गेला! तुम्ही त्याला दुसऱ्यांदा मारलंत."

भाऊराव घाबरून आईकडे बघायला लागला. द्वारकाबाई मात्र ताठ झाल्या. "असं नका बोलू अण्णा. तुमच्याकडं पदक हुतं, मान्य. पर माणूस आमच्या घरातला हाय. सणाला पयला निवद त्याला जातो, मग आमी जेवतो."

अण्णा उठले आणि पुरणपोळीला हात न लावता बाहेर गाडीत जाऊन बसले. मी आणि माझा नवरा जेवलो. एवढा स्वयंपाक केलेल्या बाईसमोरून आणखी कोण उठणार? मला अण्णांचा राग आला, द्वारकाबाईंचाही आला, आणि सगळ्यात जास्त याचा आला की दोघांपैकी एकालाही मी चूक ठरवू शकत नव्हते.  मनमाड आलं तेव्हा अण्णा अचानक म्हणाले, "तो पायदळातला होता. घोड्यावर बसवलाय त्याला."

मी म्हटलं, "अण्णा, वस्तू त्यांची होती. तुम्हीच दिलीत."

"सांभाळायला दिली होती."

"देवात ठेवला त्यांनी. आणखी काय सांभाळायचं?"

"नाव, बाई, नाव," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर त्यांच्या रविवारच्या फेऱ्या बंद झाल्या. सराफाचा निरोप आला तरी म्हणायचे, आटव बाबा, तसंही आटणारच आहे. दुसरी एक सवय मात्र लागली. जेवताना, चपला घालताना, पेपर वाचताना मध्येच राघूचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण पुटपुटायचे. दिवसातून कितीदा तरी. मला इतका वैताग यायचा की मी मुद्दाम मिक्सर लावायचे. एकदा म्हटलं, "त्यापेक्षा लिहून ठेवा ना एकदाचं." तर म्हणाले, "मी काय विसरणार आहे?"

थंडीत एका सकाळी, बादलीत आंघोळीचं पाणी पडत असताना, ते गेले. भाऊराव आणि द्वारकाबाई दहाव्याला आले, मागे उभे राहिले आणि परत गेले. अण्णांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं ते शेवटपर्यंत टाकलंच. इतका हट्ट माणसाने करू नये, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

यंदा धुळवडीला भाऊरावचा फोन आला. "ताई, वीर घेऊन गंगेवर येतोय. तुमी या." माझ्या अजिबात मनात नव्हतं, पण गेले. गंगेवर पाय ठेवायला जागा नव्हती. संबळ, हलगी, गुलाल, कुणाचा वीर वाटीत तर कुणाचा तळहातावर, आणि जो तो आपला वीर घेऊन बेभान नाचतोय. द्वारकाबाईंनी पायरीवर बसून राघूला आंघोळ घातली, पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला. मी ओवाळलं. सवयीने टाक उलटून पाहिला. पाठ कोरी होती.

"सूनबाई," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अण्णा त्या दिशी लय बोलले. वरीसभर डोक्यातून जाईना. सोनार म्हणतो, मागल्या अंगाला अक्षरं पाडून देतो, मराठीत. अण्णा म्हणायचे तस्सं समदं सांगा. भाऊराव लिहून घेतोय."

भाऊराव मोबाइल घेऊन तयारच होता. मी सांगितलं. सिपॉय राघू कदम. पलटणीचं नाव सांगितलं. मग नंबर. दोन, आठ, एक... आणि शेवटचा आकडा येईना. सात की नऊ? मी डोळे मिटले, अण्णांचा आवाज आठवून पाहिला. दोन, आठ, एक, आणि पुढे मिक्सरची घरघर. घाईने फोनमधला सत्काराचा फोटो उघडला, मोठा करून पाहिला. द्वारकाबाई रडताहेत, अण्णा फेट्यात हसताहेत, पदकावरचा राजा समोर बघतोय आणि कड म्हणजे नुसती एक चकाकणारी रेघ.

"ऱ्हाऊ द्या वो," द्वारकाबाई म्हणाल्या. "नाव हाय न्हवं? देवाला नंबर कशाला?"

"नाही, थांबा," मी जवळजवळ ओरडलेच. "चुकीचं नाही घालायचं. एक मिनिट थांबा." आणि मागे वळून म्हटलं, "अण्णा, शेवटचा आकडा कुठला हो?"

मागे गुलालाने माखलेला कुणी अनोळखी माणूस उभा होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, "ताई, मला म्हणालात का?"