वेंगुर्लेकर सरांची बंदरं

वेंगुर्लेकर सर गरम चहा कधी प्यायलेच नाहीत. स्टाफरूममध्ये कप समोर आला की त्याचं जहाज व्हायचं. किटली म्हणजे मुंबई, साखरेचा डबा म्हणजे कांडला, आणि आमचे सगळ्यांचे कप मुंबईबाहेर नांगर टाकून उभे. "बघा, धक्का मोकळा नाही म्हणून जहाज आठवडा आठवडा ताटकळतंय. भुर्दंड कुणाला? मालवाल्याला. मुंबईला काय त्याचं? पण उद्या कांडल्यानं गाळ उपसला, दर उतरवले, की हीच मुंबई गोड बोलायला लागते!" एवढं होईपर्यंत मुंबईबाहेरच्या चहावर साय धरलेली असायची.

आडनावात बंदर असलं तरी घराणं तीन पिढ्या नगरात होतं. सर मुंबईला एकदाच गेले, तेही मेव्हणीच्या लग्नाला. गोदीत शिरायला पास लागतो असं कळल्यावर मंगल कार्यालयातूनच परत आले. तरी रॉटरडॅम आणि अँटवर्प या युरोपातल्या बंदरांची चुरस अशी रंगवून सांगत, की दोघं मागच्या आळीत राहतात असं वाटावं. ऐकायला समोर बागायतदारांची मुलं. समुद्रापासून इतक्या लांब, साखर कारखान्याच्या मळीच्या वासात, बंदरांचं अर्थशास्त्र इतक्या तळमळीनं शिकवलं जाणारं दुसरं कॉलेज देशात नसावं.

पण शिकवत झकास. पृष्ठप्रदेश म्हणजे ज्या मुलखातला माल बंदरात येतो तो मुलूख, हे सांगताना ते थेट कांद्यावर येत. "तुझे वडील कांदा कोपरगावला नेतात की राहात्याला?"

"जिकडं भाव बरा लागंल तिकडं," मुलगा सांगे.

"शाबास! म्हणून दोन्हीकडचे आडते त्यांना बसायला खुर्ची देतात. बाजार एकच असता तर उन्हात उभं केलं असतं." माल असो की माणूस, त्याला उठून दुसरीकडे जाता आलं पाहिजे, हे त्यांचं पालुपद.

स्वतः सर मात्र सहा वर्षं हंगामी होते. एप्रिलमध्ये कॉलेज त्यांना मोकळं करी आणि जूनमध्ये पुन्हा घेई. कायमची ऑर्डर मागायला गेले की आमचे चेअरमन बापूसाहेब गहिवरून म्हणत, "सर, तुमी तर घरचं मानूस. घरच्या मान्साला कुठं कागद देत्यात व्हय?" या घरच्या माणसाची बायको दर मे महिन्यात मुकाट्यानं माहेरी जाई, कारण पगार बंद असताना चूल पेटणार कशी? मी मराठीचा. माझी नोकरी कायम होती, कारण बापूसाहेबांची भाषणं मी लिहीत असे.

सुवेझ कालवा बंद होता त्या काळातली ही गोष्ट. शेजारच्या कारखान्याच्या चेअरमनांनाही शिक्षणाचा कळवळा आला आणि त्यांनी सात मैलांवर दुसरं कॉलेज काढलं. दोन्ही चेअरमन सभांतून एकमेकांचे वाभाडे काढत. सरांना तर आभाळ ठेंगणं झालं. "पृष्ठप्रदेश एक, बंदरं दोन! आता बघा कसा भाव येतो." इस्त्रीचा शर्ट घालून ते शेजारी गेले. तिथल्या चेअरमनांनी चिवडा दिला आणि जूनमध्ये कायम करतो म्हणून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सर बापूसाहेबांच्या बैठकीत हजर. मी तिथंच होतो, भाषण वाचून दाखवत होतो. त्यात शेजारचे चेअरमन सहकाराला लागलेली कीड ठरले होते.

"बापूसाहेब, मला तिकडून बोलावणं आलंय," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. "कायम करत असाल तर राहतो."

बापूसाहेबांनी तक्क्यावरून मान हलवली. "सकाळीच सांगावा आलाय व्याह्यांचा. तुमचं मास्तर आमच्याकडं आलतं म्हनून."

"व्याह्यांचा?"

"आवं, आमची शालन त्यांच्याच घरात दिलीया न्हवं का! लग्नात तुमीच तर पंगतीत मठ्ठा वाढत हुता." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट करून म्हणाले, "ह्ये सभेपुरतं. सभासदांना बरं वाटतं. मास्तरांना काय द्यायाचं, कुनाला ठिवायचं, ह्ये आमी दोघं बसून ठरवतो."

रॉटरडॅमच्या धक्क्यांची लांबी सांगणाऱ्या माणसाला मठ्ठ्याची बादली हातात असताना नवरामुलगा कोणाच्या घरातला, हे विचारायचं सुचलं नव्हतं. बाहेर आल्यावर सर निंबाखाली थांबले. मला वाटलं, आता रडतील. "म्हणजे धक्के दोन आणि बंदर एकच," ते म्हणाले आणि तासाला गेले. मुलांना त्यांनी लिहून दिलं, की दोन बंदरांत चुरस आहे असं म्हणण्यापूर्वी मालकांची सोयरीक तपासावी. एप्रिलमध्ये कॉलेजनं त्यांना नेहमीप्रमाणे मोकळं केलं. जूनमध्ये घरच्या माणसाची कुणालाच आठवण झाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात, त्यांच्या नव्या बिऱ्हाडी गेलो. जीप चिखलात रुतली, शेवटचा चढ पायी चढलो. पगार कमी, भिंतींना ओल, पण तिथल्या हायस्कुलानं पहिल्याच दिवशी कायम केलं होतं. कसं काय, म्हणून विचारलं.

"इथं दुसरा कुणी अर्जच करत नाही," सर हसून म्हणाले.

"मग आता तुमची चैन! जरा ऐटीत राहा की. त्यांचं तुमच्यावाचून अडतंय."

सरांचं हसू मावळलं. "तेच तर झालंय. इतकी वर्षं मी स्वतःला माल समजत होतो. इथं मी बंदर आहे हो! आणि या पोरांना दुसरीकडे जाता येत नाही. मी उशिरा गेलो, वाईट शिकवलं, तरी त्यांना माझ्याकडेच यावं लागणार."

शाळेची वेळ झाली म्हणून त्यांनी छत्री उघडली. निरोपाला त्यांचा हात हातात घेतला, तर तो चांगलाच तापलेला. म्हटलं, "सर, आज राहू द्या. काय होतंय एक दिवस?"

"पोरं येऊन बसली असतील," ते म्हणाले आणि चिखल तुडवत शाळेकडे निघाले.