गावाला पक्षीथांबे, माझ्या दारात जाळी

हसायचं तर हसा, पण आज लई लाज वाटून राहिली म्हणून लिहितोय.

मी कृषी सहायक. मुखेडकडच्या गावांत सांगत फिरतो, हरभऱ्यात काठ्या रोवा, त्यांवर साळुंक्या बसतील अन् घाटेअळ्या वेचून खातील. इकडे नांदेडला मात्र माझ्याच अंगणातल्या टमाट्यांवर मी नायलॉनची जाळी टाकली होती. टमाट्यांना भोकं पडत होती आणि साळुंक्या रोज येत होत्या, एवढ्यावरून.

आज सकाळी तिकडच्या एका गावातल्या गयाबाई हरभऱ्याची भाजी घेऊन घरी आल्या. जाळीत एक साळुंकी अडकून फडफडत होती. मी कात्री शोधेपर्यंत त्यांनी दातानं दोरे तोडून तिला सोडवलंसुद्धा. उडाली, पण एक पाय लोंबत होता.

मग त्यांनी भोक पडलेलं एक टमाटं फोडलं. आत अळी.

"साहेब, ही तर घाटेअळी हाय. तुम्हीच दावली होती की आमाला."

मला अळी ओळखू येत नव्हती असं नाही. मी टमाटं फोडून बघितलंच नव्हतं. पक्षी दिसला, त्याला चोर ठरवून मोकळा झालो.

"जाऊ द्या, घरचं म्हणलं की जीव घाबरतो," उलट त्याच मला समजावत होत्या. तेव्हा मान वर करवेना.

जाळी काढली. गुरुवारी त्यांच्याच गावात माझी बैठक आहे, पक्षीथांब्यांवर. गयाबाई नेहमी पहिल्या रांगेत बसतात. तुम्ही असता तर पहिलं वाक्य काय बोलला असता?